सिनाई गळतंय

आमच्या घरातल्या खोल्यांना देशांची नावं आहेत.
स्वयंपाकघर म्हणजे लेबनॉन.
ते बाबांच्या पहिल्या फेरीत बांधलं,
तेव्हा मी आईच्या पोटात.
छप्पर सिनाई.
मोरी आणि पाण्याची टाकी गोलान,
तिथली फरशी अर्धीच बसली,
त्या वर्षी तुकडी ठरल्याआधी परत आली.

वादळाच्या रात्री आई हाक मारते,
"केलेरा, बादली आण गं, सिनाई गळतंय,"
आणि कोणी हसत नाही.

शाळेच्या भिंतीवर जगाचा नकाशा होता.
कागद जिथे संपतो तिथे आमचा फिजी:
काही बेटं पार उजव्या कडेला,
दोन-चार ठिपके डाव्या,
आणि मधे सगळं जग.
म्हणूनच असेल,
मधे उभं राहायचं काम आमच्याकडे आलं.
साखर, बाटलीतलं पाणी
आणि मधे उभी राहणारी माणसं
आम्ही बाहेर पाठवतो.

एका टेकडीवर एक फौज,
समोरच्या टेकडीवर दुसरी,
खाली ऑलिव्हची झाडं, एक म्हातारी, तिचं गाढव,
आणि कडावू बेटावरचा कॉर्पोरल इलाइतिया, माझे बाबा,
खांद्याला बंदूक, खिशात नियमांचं कार्ड:
आधी हाक मारा.
पुन्हा हाक मारा.
गोळी सुटलीच, तर वेळ लिहून ठेवा.
त्यांनी सतरा वह्या भरल्या.
"युद्धाचे कारकून होतो आम्ही,"
यांगोनाची तिसरी करवंटी रिकामी करून ते म्हणतात.

चौथीनंतर म्हातारी येते.
स्वतःच्याच शेतात जायला तिला रोज चिठ्ठी लागायची,
आणि चिठ्ठी घेताना रोज तोच प्रश्न:
तुझं भांडण कोणाशी?
कोणाशीच नाही.
मग एवढ्या लांब कशाला आलास, पोरा?
बाबांना अरबीत छप्पर म्हणता येईना.
त्यांनी दोन्ही हात डोक्यावर आडवे धरून दाखवले.
म्हातारी गाढव सोडून झाडाखाली पालथी पडली.
तिला वाटलं, विमानं आली.

पाचव्या करवंटीनंतर ते बोलत नाहीत.

दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ.
लाभ मोजलाय मी, हिशोबाची वही माझ्याकडेच असते:
बत्तीस पत्रे,
सिमेंटची अठ्ठेचाळीस पोती,
काचेच्या दोन खिडक्या, त्यातली एक तडकलेली,
भावाची सहा वर्षांची फी.
चर्चच्या मागे तीन दगड आहेत,
आडनावं आमच्याच गावातली,
मरणाचं ठिकाण मात्र पाद्रीबाबांना
अजून नीट उच्चारता येत नाही.
ते मी कुठल्या रकान्यात लिहू?

आता अपाकुकी निघालाय.
ज्याची फी भरली, तोच.
कुठे जायचं ते ठरलेलं नाही,
पण तुकडी तयार ठेवलीय.
कुठेतरी दोघं भांडतील
याची सरकारला खात्री आहे.
आई त्याच्या निळ्या टोपीवर ओलं फडकं ठेवून
इस्त्री फिरवते, हलकी,
तापलेल्या कपाळावर हात फिरवावा तशी.
बाबा परसात जाऊन कुदळीला धार लावतात.
धार होतीच तिला.

त्याच परसात चार खांब उभे आहेत,
डोक्यातून गज बाहेर आलेले,
संध्याकाळी त्यांवर कोंबड्या बसतात.
ती खोली माझी.
तिला अजून नाव नाही.
सगळे झोपले की मी रेडिओ लावते,
आवाज अगदी बारीक,
आणि देवा, क्षमा कर,
कान देऊन ऐकते,
बातम्यांत कुठल्या देशाचं नाव
पुन्हा पुन्हा येतंय.